ॲम्प्लिफायरचा व्हॉल्यूम पॉट घरच्या घरी बदलताना

ॲम्प्लिफायरचा कान पिळला की स्पीकरमधून खरखर येते. एका ठरावीक जागी डावा आवाज गुल होतो, किंवा रात्री अगदी हळू लावलेलं गाणं एकाच बाजूने ऐकू येतं. ठाणे-नवी मुंबईत, खाडीच्या दोन्ही काठांना, पावसाळा संपता संपता ही तक्रार हमखास कानावर येते. चार महिने दमट हवा आणि सेट टीव्हीखालच्या कप्प्यात बंद, मग दुसरं काय होणार! दुरुस्तीला नेला की झाकण उघडायच्या आधीच निदान तयार असतं: "पॉट गेलाय, बदलावा लागेल." पॉट म्हणजे पोटेन्शिओमीटर, आवाजाच्या घुंडीमागचा फिरता रेझिस्टर.

कधी ते खरं असतं, पण बऱ्याचदा पॉट बिचारा निर्दोष असतो. आणि खरंच गेलेला असला, तरी जागेवर चुकीचा पॉट बसवला तर दुखणं परवडलं असं वाटू लागतं. या कामात सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी मल्टिमीटर घेऊन बसण्यातच निम्म्याहून जास्त काम होतं. म्हणून या लेखातही तोच भाग मोठा आहे.

आधी सुरक्षितता

प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. झाकण उघडल्यावर पॉवर सप्लायमधले दोन मोठे कपॅसिटर दिसतील. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये त्यांच्यावर तीस-पस्तीस व्होल्ट किंवा त्याहून जास्त असू शकतात आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकतात. पाच मिनिटं थांबा, मग मीटर डीसीवर ठेवून प्रत्येकाच्या दोन टोकांत मोजा. एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर १ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी मिनिटभर लावून ठेवा आणि पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी पाडायची पद्धत सर्रास दिसते. त्यात स्क्रूड्रायव्हरचं टोक जळतं आणि कपॅसिटरलाही दणका बसतो.

दोन प्रकारच्या सेटना नवख्याने हात लावू नये. पहिला, ज्यात व्हॉल्यूमच्या घुंडीनेच सेट चालू-बंद होतो तो. अशा पॉटच्या पाठीवर स्विच असतो आणि कित्येक सेटमध्ये त्या स्विचमधून थेट २३० व्होल्ट जातात. दुसरा, वाल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्या असलेला. मर्फी रेडिओचा कारखाना एके काळी ठाण्यातच होता. म्हणून की काय, इथल्या जुन्या घरांच्या माळ्यांवरून वाल्व्हचे रेडिओ अजून खाली उतरतात. त्यात अडीचशे व्होल्ट डीसी असणं नेहमीचं. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या एसी-डीसी सेटची तर चासीसुद्धा, म्हणजे धातूचा सांगाडा, थेट मेन्सला जोडलेली असते. असा रेडिओ जाणत्या माणसाकडेच न्या. खाली जे सांगतोय ते ट्रान्झिस्टर किंवा आयसीच्या ॲम्प्लिफायरपुरतं आहे.

तो पॉट आहे का, हे आधी ठरवा

पॉटची घुंडी दोन्ही टोकांना अडते. सगळा फेरा साधारण ३०० अंशांचा. घुंडी कितीही फिरवली तरी थांबत नसेल, टिक-टिक करत फिरत राहत असेल, तर तो रोटरी एन्कोडर आहे. नंतरच्या काळातल्या बहुतेक होम थिएटरांत आणि कॉम्प्युटरच्या स्पीकरांत हेच असतं. एन्कोडर बिघडला की खरखर येत नाही. आवाज वाढवताना मध्येच कमी होतो, आकडे पुढे-मागे उड्या मारतात. तोही बदलता येतो, पण त्याच्या जागी पॉट बसत नाही.

आता पॉटचे पाय मोजा. स्टिरिओ सेटच्या व्हॉल्यूमला सहा पाय हवेत, तीन-तीनच्या दोन रांगा. हा झाला ड्युअल गँग. सेट स्टिरिओ, पण व्हॉल्यूमला तीनच पाय, असं दिसलं तर थांबा. त्या सेटमध्ये गाणं पॉटमधून जातच नाही. पॉट फक्त एक डीसी व्होल्टेज कमी-जास्त करतो आणि आवाज आयसी सांभाळतो. टीडीए१५२४ए या आयसीच्या किटा आपल्याकडे खूप विकल्या गेल्या, त्यात व्हॉल्यूम, बास, ट्रेबल, बॅलन्स अशा चारही जागी साधे तीन पायांचे लीनियर पॉट आहेत. तिथे पॉटवर डीसी सापडणं अगदी रास्त, त्यामुळे पुढची डीसीची चाचणी त्या सेटला लागू नाही.

साफ करून बघा

पॉटच्या आत कार्बनचा घोड्याच्या नालासारखा पट्टा असतो आणि त्यावरून धातूचा वायपर सरकतो. पट्ट्यावर धूळ बसली, वायपर काळवंडला की संपर्क तुटक होतो आणि तीच खरखर. पाय जिथून बाहेर येतात तिथे बॉडीत एक फट असते. सेट बंद, प्लग बाहेर, कपॅसिटर रिकामे. त्या फटीत नळी लावून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एकच छोटा फवारा मारा आणि घुंडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पंचवीस-तीस वेळा फिरवा. अर्धा तास वाळू द्या. क्लीनर पेट घेणारा असतो, तेव्हा वाळेपर्यंत प्लग लावू नका.

क्लीनर निवडताना डब्यावर 'इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर' लिहिलंय का आणि तो प्लास्टिकला चालतो का, ते वाचा. गंजलेले स्क्रू सोडवायचा साधा डब्ल्यूडी-४० पॉटमध्ये मारू नका. तो तेलकट थर मागे ठेवतो आणि त्यावर पुढच्या उन्हाळ्यात दुप्पट धूळ बसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टा स्वच्छ होतो, पण शाफ्टमधलं घट्ट ग्रीसही वाहून जातं आणि घुंडी लोण्यासारखी फिरायची ती खुळखुळ्यासारखी होते.

खरखर गेली आणि महिनाभर परतली नाही, तर तुमचं काम झालं. आठवड्यात परतली तर पुढे वाचा.

डीसीची चाचणी

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मागच्या पावसाळ्यात ठाण्याच्या चरईतल्या एका काकांनी त्यांचा जुना इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर आणून दिला. खरखर अशी की गाणं नकोसं व्हावं. मी पॉटचं नाव काढलं तसे म्हणाले, "अरे, दिवाळीतच नवा टाकून घेतलाय." पॉट खरोखरच नवा कोरा होता. गाणं न लावता सेट चालू केला आणि पॉटच्या इनपुटच्या पायावर मीटर लावला, तर तिथे ०.६ व्होल्ट डीसी. पॉटच्या आधीच्या टप्प्यातला कपलिंग कपॅसिटर, म्हणजे डीसी अडवून फक्त गाणं पुढे सोडणारा, गळत होता. वायपर पट्ट्यावरून सरकताना हे डीसी खाली-वर होतं आणि तेच खरखर म्हणून ऐकू येतं. अशा सेटमध्ये सोन्याचा पॉट बसवला तरी तो खरखरणारच. काकांचे दोन्ही बाजूंचे कपॅसिटर बदलले, पॉट तोच ठेवला, आवाज स्वच्छ.

चाचणी अशी करा. मीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा. काळी वायर ॲम्प्लिफायरच्या ग्राउंडला क्लिपने पक्की करा, म्हणजे एकच हात आत घालावा लागेल. व्हॉल्यूम मध्यावर ठेवून लाल टोक आधी इनपुटच्या पायावर (शाफ्ट तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर उजवा) आणि मग मधल्या, म्हणजे वायपरच्या पायावर लावा. एक-दोन मिलिव्होल्ट असतील तर काळजी नाही. दहा-वीसच्या पुढे गेलं की शंका घ्या. व्हॉल्यूम शून्यावर नेऊनही इनपुटच्या पायावर डीसी राहत असेल तर गळका कपॅसिटर पॉटच्या आधी आहे. व्हॉल्यूम शून्यावर नेल्यावर वायपरवरचं डीसी जातं आणि वर नेलं की येतं, पण शून्यावर असताना इनपुटच्या पायावर मात्र डीसी नाही, असं दिसलं तर दोष पॉटच्या पुढच्या टप्प्यात शोधा. सेट चालू असताना आत हात घालायची भीती वाटत असेल तर ही पायरी दुसऱ्याकडून करून घ्या, पण करून घ्याच.

नवा पॉट कोणता आणायचा

डीसी नाही, साफ करूनही फरक नाही, किंवा पट्टाच झिजलाय, तर बदलायला पर्याय नाही. बदली पॉट शोधताना सगळे फक्त किलोओहम बघतात. खरं तर किलोओहमात थोडं इकडे-तिकडे चालतं. टेपर आणि मापं यांत मात्र चालत नाही.

टेपर म्हणजे घुंडी फिरवली की रेझिस्टन्स कोणत्या चालीने बदलतो ते. लीनियर पॉट निम्मा फिरवला की रेझिस्टन्सही निम्मा. कानाला मात्र आवाज त्या हिशोबाने ऐकू येत नाही. म्हणून व्हॉल्यूमला लॉग टेपर लागतो. तो निम्म्या फेऱ्यापर्यंत एकूण रेझिस्टन्सच्या जेमतेम १० ते १५ टक्के देतो आणि उरलेलं सगळं पुढच्या अर्ध्यात. व्हॉल्यूमच्या जागी लीनियर बसवला तर घुंडी जराशी हलवताच घर दणाणतं आणि पुढच्या पाऊण फेऱ्यात फारसं काही घडत नाही. बिल्डिंगमध्ये शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर हे लक्षात ठेवा.

आता मिळणाऱ्या पॉटवर इंग्रजी 'ए' म्हणजे लॉग आणि 'बी' म्हणजे लीनियर. 'ए५०के' म्हणजे ५० किलोओहमचा लॉग. कधी आकड्यांत लिहितात: ५०३ म्हणजे ५० किलोओहम, १०४ म्हणजे १००. जुन्या युरोपीय सेटमध्ये मात्र याच अक्षरांचा अर्थ उलटाही सापडतो, त्यामुळे अक्षरावर विसंबू नका, मोजा. घुंडी बरोबर मध्यावर ठेवून पहिल्या (शाफ्ट तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डाव्या) आणि मधल्या पायात मोजलं आणि ५० किलोओहमच्या पॉटवर ५ ते ८ किलोओहम आले तर तो लॉग. २५ च्या आसपास आले तर लीनियर. एकूण रेझिस्टन्स दोन टोकांच्या पायांत मोजतात. ५० चा पॉट ४३ किंवा ५६ दाखवेल, घाबरू नका, २० टक्के फरक कंपन्याच मान्य करतात. बोर्डावर असताना मात्र आजूबाजूच्या भागांमुळे आकडा कमी येतो, तेव्हा खरं माप काढल्यावरच घ्या.

दुकानात जायच्या आधी वहीत लिहून ठेवायच्या बाकीच्या गोष्टी:

- गँग किती, आणि कुठल्या गँगला चौथा पाय आहे का. जुन्या सेटमध्ये लाउडनेसच्या (हळू आवाजात बास उचलणाऱ्या) बटणासाठी पट्ट्यावर मध्येच एक टॅप काढलेला असतो. तसा पॉट आता सहज मिळत नाही. साधा बसवून टॅपची वायर मोकळी, टोक झाकून ठेवता येते. लाउडनेस जाईल, बाकी सेट चालेल.
- शाफ्टची जाडी (बहुधा ६ मिमी), लांबी, आणि आकार: गोल, एका बाजूने तासलेला डी, की दातेरी. दातेरी शाफ्टवर डी नॉब बसत नाही.
- चुडीच्या भागाची जाडी, ७ मिमी की ८ मिमी. पॅनलचं भोक त्यावर ठरतं.
- पाय वायर जोडायचे कानवाले की बोर्डात घुसणारे, सरळ की काटकोनात वळलेले, आणि दोन पायांतलं अंतर.

जुना पॉट काढता आला तर तोच खिशात घालून न्या, वहीपेक्षा बरा.

ठाण्यात एखाददुसऱ्या दुकानात साधे पॉट मिळतात, पण ड्युअल गँग लॉगची निवड हवी तर लॅमिंग्टन रोडला पर्याय नाही. ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, पुढे चालत. नवी मुंबईकरांनी हार्बरने कुर्ला आणि मग दादर. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात. दुकानदार "चालेल, सगळं सेमच असतं" म्हणत बी पुढे करेल. ए मागा आणि काउंटरवरच मीटर लावा, कोणी हरकत घेत नाही.

ड्युअल गँगमध्ये दोन्ही बाजू किती जुळतात, हे तिथेच बघून घ्या. घुंडी एका जागी ठेवून दोन्ही गँगच्या पहिल्या आणि मधल्या पायांत मोजा. एकीकडे ५ आणि दुसरीकडे ६ किलोओहम म्हणजे दीड डेसिबलच्या आसपास फरक, चालून जाईल. घुंडी सुरुवातीला ठेवून एकीकडे २०० आणि दुसरीकडे ४०० ओहम आले, तर तो ६ डेसिबलचा फरक. रात्री हळू ऐकताना गाणारा उजव्या भिंतीला चिकटलेला वाटेल. स्वस्त पॉटची खोड इथेच, फेऱ्याच्या सुरुवातीला. साधे पॉट चहा-वडापावच्या पैशात मिळतात, तेव्हा तीन-चार घेऊन त्यातला सगळ्यात जुळता निवडणं हा चांगला मार्ग. आल्प्स या जपानी कंपनीचा निळा आरके२७ याबाबतीत फार सरस, पण नकलाही तितक्याच फिरतात. शिवाय तो २७ मिमीचा धटिंगण १६ मिमीच्या जागेत मावत नाही.

लॉग मिळालाच नाही तर एक जुगाड आहे. १०० किलोओहमचा लीनियर घ्या आणि प्रत्येक गँगच्या मधल्या आणि ग्राउंडच्या पायात १५ किलोओहमचा रेझिस्टर लावा. मध्यावर आता निम्म्याऐवजी १९ टक्क्यांच्या आसपास सिग्नल मिळतो, लॉगच्या बऱ्यापैकी जवळ. बदल्यात फुल व्हॉल्यूमला सोर्सवर १३ किलोओहमचा भार पडतो. मोबाइल किंवा सीडी प्लेअरला त्याचं काही वाटत नाही.

जुना काढणे

मोबाइलवर चारी बाजूंनी फोटो काढा. वायरवाला पॉट असेल तर प्रत्येक वायरला कागदी टेप लावून नंबर टाका. लाल वायर म्हणजे उजवी बाजू, असं गृहीत धरू नका.

नॉबच्या बाजूला बारीक स्क्रू असेल तर तो सैल करा. नसेल तर नॉब नुसता दाबून बसवलेला असतो. पक्कड लावली की पॅनलवर ओरखडा ठरलेला. बुटाची नाडी नॉबच्या मागे गुंडाळा आणि दोन्ही टोकं धरून सरळ पुढे ओढा, सुटतो. मागे नट दिसेल, ७ मिमीच्या चुडीला बहुधा १० मिमीचा पाना लागतो. नटखालचा वॉशर आणि पॉटच्या तोंडावरचं बारीक धातूचं शेपूट बघून ठेवा. ते शेपूट पॅनलच्या खाचेत बसतं आणि पॉट जागच्या जागी फिरू देत नाही.

बोर्डावरचा पॉट काढताना घाई केली की कॉपरचा पट्टा उचकटतो. जुन्या सेटमधल्या एकपदरी, तपकिरी बोर्डांवर तर फारच लवकर. म्हणून पॉट वाचवायच्या नादी लागू नका. कटरने पॉटचे पाय बॉडीजवळच कापा, बॉडी बाजूला काढा, आणि मग बोर्डात उरलेले पाय एकेक करून काढा. आयर्न ३५० अंशांच्या आसपास, साधा असेल तर २५ ते ३५ वॉटचा. जुन्या सोल्डरच्या डागावर आधी थोडं ताजं सोल्डर आणि फ्लक्स द्या. जुनं शिसं एकटं नीट वितळत नाही, ताज्याबरोबर लगेच वाहतं. पाय चिमट्याने अलगद ओढा, भोक सोल्डर शोषणाऱ्या पंपाने किंवा विकने (तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) मोकळं करा. एका डागावर तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त आयर्न टेकवू नका. नाही निघालं तर निवू द्या आणि पुन्हा प्रयत्न करा. बाजूचे जाड आधाराचे पाय ग्राउंडच्या रुंद पट्ट्याला जोडलेले असतात, ते उष्णता पिऊन टाकतात. त्यांच्यासाठी जाड टोकाचा आयर्न घ्या.

नवा बसवणे

शाफ्ट तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावा पाय ग्राउंड, मधला वायपर म्हणजे आउटपुट, उजवा इनपुट. पुढची आणि मागची गँग दोन्ही तशाच. डावा आणि उजवा पाय उलटे जोडले तर घुंडी उलटी चालते.

बोर्डावर बसवताना डाग शेवटी द्यायचा. पॉट भोकांत नुसता ठेवा, बोर्ड जागेवर बसवा, शाफ्ट पॅनलमधून बाहेर काढा, नट हलका आवळा, मगच डाग द्या. आधी डाग देऊन मग नट आवळला की पायांवर कायमचा ताण राहतो आणि वर्ष-दोन वर्षांत तोच डाग तडकतो. वायरवाल्या पॉटमध्ये आधी वायरीच्या टोकाला आणि पायाला वेगवेगळं सोल्डर चढवून घ्या, मग दोन्ही टेकवून क्षणभर तापवा. शील्डेड वायरची जाळी पूर्वी होती त्याच टोकाला जोडा. जाळीचा एखादा मोकळा तंतू शेजारच्या पायाला टेकतोय का, भिंग लावून बघा.

पॉटची धातूची बॉडी ग्राउंड झाली पाहिजे. धातूच्या पॅनलवर नटमधून ती आपोआप होते. पॅनल प्लास्टिकचं असेल तर बॉडीपासून ग्राउंडपर्यंत वेगळी वायर द्या. ते राहिलं की घुंडीला बोट लावताच 'हूं' असा घूं-घूं आवाज येतो.

चालू करून बघणे

आधी सेट बंद ठेवूनच मीटरने तपासा: वायपर आणि ग्राउंड यांच्यातला रेझिस्टन्स घुंडीबरोबर हळूहळू वाढतोय का, दोन्ही बाजूंना सारखा आहे का, शेजारच्या पायांत शॉर्ट नाही ना. मग सेट सिरीज लॅम्पवर लावा, म्हणजे मेन्स आणि सेट यांच्यामध्ये सिरीजमध्ये जोडलेला ६० किंवा १०० वॉटचा तारेचा बल्ब. एलईडी इथे कामाचा नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत जळत राहिला तर लगेच बंद करा, कुठेतरी शॉर्ट आहे. पहिल्यांदा जुना, गेला तरी चालेल असा स्पीकर जोडा. व्हॉल्यूम शून्यावर ठेवून सुरू करा आणि हळूहळू वाढवा.

घुंडी शून्यावर असतानाही एका बाजूने गाणं पूर्ण जोरात येत असेल तर त्या गँगचा ग्राउंडचा डाग लागलेला नाही. एक बाजू पूर्ण बंद असेल तर वायपर किंवा इनपुटचा डाग बघा. थोडी खरखर उरलीच असेल तर पुन्हा डीसी मोजा, पॉटला दोष देऊ नका.

सगळं ठीक असेल तर घुंडी पूर्ण डावीकडे नेऊन नॉब असा बसवा की त्याची खूण जुन्या शून्यावर येईल. दाबून बसवताना पॉटच्या पाठीला आतून बोटाने आधार द्या, नाहीतर सगळा जोर नुकत्याच दिलेल्या डागांवर जातो. जुन्या पॉटचे नट आणि वॉशर काढून डब्यात जपून ठेवा, नव्या पॉटबरोबर येणारा नट पातळ असतो आणि तो पॅनलमागे पडला की सापडत नाही.